ओमानचा संघ : राहिले कोण, गेले कोण, येणार कोण?

फेब्रुवारी २०२६ मध्ये टी-२० विश्वचषक होता, भारत आणि श्रीलंकेत. वीस संघांत आमचं ओमानही होतं. गट मोठा कठीण पडला होता : ऑस्ट्रेलिया, श्रीलंका, आयर्लंड आणि झिम्बाब्वे. सगळे सामने श्रीलंकेत. विश्वचषकाआधी संघ जाहीर व्हायचा होता. त्यामुळे मस्कतमध्ये तेव्हा दोन मराठी माणसं भेटली की पुण्यातल्या फ्लॅटचे भाव, मुलांचं ॲडमिशन आणि तिसरा विषय हाच : यादीत कोण कोण असणार?

'आमचं ओमान' लिहिताना जरा अडखळायला होतं. पासपोर्ट भारताचा, आणि भारताची मॅच असली की घरात निळे शर्ट बाहेर निघतात. पण अठरा वर्षं ज्या गावात भाजी घेतली, मुलं वाढवली, त्याला दुसरं काय म्हणायचं? तेव्हा आमचंच म्हणते.

माझ्याकडे क्रिकेटचं काही खास ज्ञान नाही. मी एका व्यापारी कंपनीत एचआरचं काम बघते. कुणाचा व्हिसा संपतोय, कुणाच्या बताक्याची (इथं रेसिडेंट कार्डाला सगळे बताकाच म्हणतात) मुदत आलीय, कुणी राजीनामा दिलाय, त्याच्या जागी माणूस कधी येणार, हे रोजचं. त्यामुळे ओमानच्या संघाची यादी हातात आली की मी ती सरासरी आणि स्ट्राइक रेट बघून वाचतच नाही. आधी बघते, गेल्या यादीतले किती उरले. आणि गेली दोन वर्षं त्या यादीने मला चक्रावून सोडलंय.

जून २०२४ चा विश्वचषक आठवा. बार्बाडोसमध्ये नामिबियाविरुद्ध १०९ वर १०९, टाय, मग सुपर ओव्हरमध्ये हार. मग इंग्लंडविरुद्ध ४७ वर सगळे बाद, आणि ती धावसंख्या त्यांनी ३.१ षटकांत पार केली. त्या पंधरा जणांच्या संघाचा कर्णधार आकिब इलियास. सोबत झीशान मक्सूद, बिलाल खान, कश्यप प्रजापती, अयान खान, फय्याज बट, नसीम खुशी, कलीमुल्ला. आणि प्रतीक आठवले, ज्याचं आडनाव टीव्हीवर दिसलं आणि आमच्या बिल्डिंगमधल्या तीन मराठी घरांत एकदम आरडाओरडा झाला. याच प्रतीकने स्कॉटलंडविरुद्ध ५४ धावा केल्या होत्या.

आता सप्टेंबर २०२५. आशिया चषक. ओमान पहिल्यांदाच त्यात खेळणार म्हणून आम्ही सगळे खूश. यादी आली. वरच्या पंधरांतले मोहम्मद नदीम आणि शकील अहमद सोडले तर ओळखीचं नाव शोधावं लागत होतं. कर्णधार जतिंदर सिंग, जो २०२४ मध्ये मुख्य संघात नव्हताच, राखीव म्हणून गेला होता. सुफियान महमूद आणि समय श्रीवास्तव हेही तेव्हाचे राखीवच. बाकी बरेच नवे, काहींनी तर तोवर आंतरराष्ट्रीय सामनाही खेळलेला नव्हता. गंमत अशी, की आशिया चषकाची जागा मिळवली होती ती एप्रिल २०२४ मधल्या प्रीमियर कपमध्ये, म्हणजे जुन्या लोकांनी. तिकीट त्यांनी काढलं, गाडीत बसले दुसरे.

माझ्या कंपनीत पंधरा महिन्यांत पंधरांतले तेरा गेले असते तर मालकाने आधी मला बोलावून जाब विचारला असता.

झालं काय ते एव्हाना बऱ्याच जणांना ठाऊक असेल. २०२४ च्या विश्वचषकासाठी आयसीसीकडून ओमानला सव्वादोन लाख डॉलर बक्षिसाची रक्कम होती. ती आपल्यापर्यंत पोचलीच नाही, असं खेळाडूंचं म्हणणं. मे २०२५ मध्ये ही तक्रार जगभरच्या क्रिकेट बातम्यांत आली. तोवर अमेरिकेत पोचलेल्या कश्यप प्रजापतीने उघडपणे बोलून दाखवलं. हा तोच कश्यप, ज्याने २०२३ च्या पात्रता फेरीत झिम्बाब्वेविरुद्ध शतक ठोकलं होतं आणि ३३३ चं लक्ष्य गाठताना ओमानला ३१८ पर्यंत नेलं होतं. ज्यांनी पैशाचा विषय लावून धरला त्यांना संघाबाहेर व्हावं लागलं, काहींना देशही सोडावा लागला, असं त्या बातम्यांत होतं. मी न्यायाधीश नाही. पण एचआरमध्ये बसून एक गोष्ट पक्की कळते : पगाराखेरीज जे काही द्यायचं असतं ते नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे, आकडा आणि तारखेसकट. 'देऊ ना, कुठं जातंय' या वाक्यावर चालणारी जागा माणूस मिळेल त्या दिवशी सोडतो. आणि इथं जागा सोडणं म्हणजे नुसती नोकरी सोडणं नसतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर, मुलांची शाळा, गाडी, सगळं महिनाभरात आवरायचं. क्रिकेटचा करार गेला म्हणून देश सोडावा लागणं हे मुंबईच्या किंवा कराचीच्या खेळाडूला समजणारच नाही. आखातात राहणाऱ्याला लगेच समजतं.

ओमानचा संघ पहिल्यापासून असाच, नोकरदारांचा. ऑफिस, गोदाम, दुकान, आणि सुटल्यावर नेट. जतिंदरचंच बघा. जन्म लुधियानाचा, वडील इथं रॉयल ओमान पोलिसांकडे सुतारकाम करत, त्यांच्यामागे मुलं शाळकरी वयात मस्कतला आली. यष्टिरक्षक विनायक शुक्ला कानपूरचा, लेगस्पिनर समय भोपाळचा. मराठी नावंही अधूनमधून असतातच. काही वर्षं वैभव वाटेगावकर होता, स्वप्नील खाड्ये होता, मग आठवले, आता करण सोनावळे. आणि २०२५ मध्ये प्रशिक्षकांच्या फळीत दुलीप मेंडिस यांच्यासोबत आपले सुलक्षण कुलकर्णी होते, मुंबईचे माजी यष्टिरक्षक, ज्यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने २०१२-१३ चा रणजी करंडक जिंकला. मुंबईकडे निवडीसाठी शेकड्याने पोरं रांगेत असतात. इथं आलेल्या प्रशिक्षकाला आधी विचारावं लागतं की बाबा, तुला साहेब सुट्टी देणार का?

माझ्या नणंदेचा मुलगा अमेरिकेत ओहायोत शिकतो. तिकडे कॉलेजच्या फुटबॉलचं, म्हणजे त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलचं, केवढं वेड! तो सांगत होता, मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा वसंतातला सराव असतो आणि तो संपला की महिनाभर सगळ्या गावाला एकच चर्चा : कोण पदवी घेऊन गेला, कोण व्यावसायिक लीगला गेला, कोण 'ट्रान्सफर पोर्टल'मध्ये नाव घालून दुसऱ्या कॉलेजात पळाला, त्या जागी खालच्या वर्गातलं कोण तयार आहे. "मामी, दर वर्षी अर्धी टीम बदलते, पण कोण कधी जाणार ते आम्हाला आधीच माहीत असतं," म्हणाला. चार वर्षं खेळायचं, मग जायचं. म्हणून कोच आजच्या अठरा वर्षांच्या पोराकडे बघतो तेव्हा दोन वर्षांनी रिकाम्या होणाऱ्या जागेचा हिशोब करत असतो.

ओमानमध्ये माणसं तितकीच बदलतात, पण कधी बदलतील ते कुणाला सांगता येत नाही. कंपनीचं कंत्राट संपलं, ओमानीकरणात ती पोस्ट राखीव झाली, आईची तब्येत बिघडली, मुलगी दहावीला आली, कॅनडाचा पीआर आला. यातलं काहीही. २०२१ पर्यंत तर मालकाचं ना-हरकत पत्र नसेल तर दुसऱ्या कंपनीत जाताच येत नसे. देश सोडून दोन वर्षं थांबावं लागायचं. ती अट त्या जानेवारीत गेली, हे फार चांगलं झालं. तरी परवाना मालकाच्या नावावर, ही मूळ गोष्ट तशीच आहे.

पण नव्या लोकांनी आशिया चषकात काय केलं तेही सांगायला हवं. पहिल्या सामन्यात पाकिस्तानने ६७ वर गुंडाळलं. दुसरा यूएईविरुद्ध, तोही ४२ धावांनी गेला. आणि मग १९ सप्टेंबरला अबुधाबीत भारताविरुद्ध. भारत १८८. ओमानने वीस षटकांत फक्त चार गडी गमावून १६७ केल्या. एकवीस धावांनी हार! आमिर कलीमने ६४, हम्माद मिर्झाने ५१. शाह फैसलने शुभमन गिलचा त्रिफळा उडवला तेव्हा आमच्या हॉलमध्ये निळे शर्ट घातलेलीच माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि नंतर कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मॅचनंतर सूर्यकुमार यादव ओमानच्या पोरांशी मैदानात किती तरी वेळ उभा राहून बोलत होता, ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. पुढे ऑक्टोबरमध्ये अमेरातच्या मैदानावर पात्रता फेरी झाली आणि तिथून विश्वचषकाचं तिकीटही निघालं. २०१६, २०२१, २०२४, आता २०२६. चौथा विश्वचषक. यावेळी निदान तिकीट काढणारेच गाडीत बसावेत, एवढी इच्छा होती.

तर विश्वचषकाआधी या संघाबद्दल मला वाटत होतं ते असं. फलंदाजी बरी होती, पण वय झालेली होती. जतिंदर छत्तीसचा. आमिर कलीमने भारताविरुद्ध अर्धशतक केलं ते त्रेचाळिसाव्या वर्षी. कौतुक करावं तेवढं थोडं. पण आमच्या ऑफिसात त्रेचाळीस वर्षांच्या माणसावर सगळं खातं उभं असेल तर मी त्याच्या हाताखाली कोण आहे ते आधी विचारते. माझ्या मते निवड समितीने अनुभवाच्या नावाखाली जुनी यादी पुढे रेटू नये. हम्माद, विनायक यांना वरच्या क्रमांकावर भरपूर चेंडू खेळायला द्यावेत, आणि श्रीलंकेतल्या खेळपट्ट्यांवर शकीलची डावखुरी फिरकी आणि समयचा लेगस्पिन दोन्ही एकत्र खेळवावेत, एक वेगवान गोलंदाज कमी झाला तरी चालेल. आयर्लंड आणि झिम्बाब्वे हे दोन सामने जिंकण्यासारखे. आयर्लंडला ओमानने २०१६ मध्ये धर्मशाळेत हरवलंय, २०२३ मध्ये बुलावायोत हरवलंय. ऑस्ट्रेलियाबद्दल काही बोलत नाही.

हे झालं फेब्रुवारीचं. माझी खरी काळजी २०२८ ची आहे, २०३० ची आहे.

संघातले बहुतेक जण विशी-पंचविशीत नोकरीसाठी आले आणि मग खेळाडू झाले. आयसीसीच्या नियमाने त्या देशात सलग तीन वर्षं राहिलं की खेळता येतं. म्हणजे कानपूरला किंवा सियालकोटला तयार झालेला मुलगा इथं येतो, तीन वर्षं काम करतो, मग संघात येतो, पाच-सात वर्षं खेळतो, जातो. आणि जी मुलं इथंच वाढली त्यांचं काय होतं? दारसेत, वादी कबीर, घुब्रा, सीब, सोहार, सलाला, सगळीकडच्या इंडियन स्कूलमध्ये आणि पाकिस्तान स्कूलमध्ये शेकड्याने मुलं खेळतात. जूनपासून ऑगस्टपर्यंत बाहेरच्या कामांना दुपारी साडेबारा ते साडेतीन सरकारी बंदी असते इतकं ऊन, आणि ही पोरं पाच वाजल्यापासून पार्किंगमध्ये टेपबॉल घेऊन हजर. बारावी झाली की सगळी गायब. पुणे, मणिपाल, वेल्लोर, मेलबर्न, टोरांटो. मुलगा मोठा झाला की फॅमिली व्हिसाचा आधार सुटतो. मग नोकरीच्या व्हिसावर परत यावं, नाहीतर सुट्टीला टुरिस्ट म्हणून. जतिंदर २००७ मध्ये इथल्या १९ वर्षांखालील संघात होता आणि पुढे कर्णधार झाला. तो राहिला म्हणून झाला. त्याच्याबरोबरची बाकीची पोरं आज कुठे असतील, कोण जाणे.

आमचा धाकटा अकरावीत आहे, लेगस्पिन टाकतो. आईचा मुलगा म्हणून सांगत नाही, बरा टाकतो. पुढच्या वर्षी बारावी, मग पुणे. मागच्या महिन्यात त्याने आयसीसीचे पात्रतेचे नियम कुठून तरी काढून वाचले आणि मला येऊन म्हणाला, "आई, मी ओमानसाठी कधीही खेळू शकतो. माझा जन्म इथला आहे."

मी वाचून पाहिलं. बरोबर आहे. खेळाडू तीनपैकी एका मार्गाने पात्र होतो : त्या देशात जन्म, त्या देशाचं नागरिकत्व, किंवा तीन वर्षं वास्तव्य. जन्म असेल तर बाकी काही लागत नाही. म्हणजे मस्कतच्या हॉस्पिटलात जन्मलेला आणि पुण्यात शिकणारा माझा मुलगा क्रिकेटच्या लेखी आयुष्यभर ओमानचा आहे. आणि विमानतळावरच्या काउंटरच्या लेखी दहा दिवसांचा पाहुणा.

ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. किती मुलं असतील अशी? ऐंशी-नव्वदच्या दशकांपासून आपली माणसं इथं कुटुंब घेऊन आहेत. इथं जन्मलेली मराठी, मल्याळी, गुजराती, पंजाबी, सिंधी, पाकिस्तानी, श्रीलंकन, बांगलादेशी मुलं आज जगभर पसरलीत. त्यांतला एखादा पुण्यात क्लब क्रिकेट खेळत असेल, एखादा सिडनीत ग्रेड क्रिकेट. त्यांच्या कपाटात ओमानच्या आरोग्य खात्याचा जन्मदाखला पडलेला आहे आणि त्याची क्रिकेटमधली किंमत त्यांनाच माहीत नाही.

इटलीचं उदाहरण ताजं आहे. जुलै २०२५ मध्ये इटली पहिल्यांदा टी-२० विश्वचषकाला पात्र झाली. कशी? इटालियन पासपोर्ट मिळू शकणारे खेळाडू त्यांनी ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन शोधले. जो बर्न्स ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळला आणि नंतर इटलीचा कर्णधार झाला. आजी-आजोबांच्या नात्यावर जर ते एवढं करू शकतात, तर ओमान क्रिकेटने इथं जन्मलेल्या मुलांची साधी नोंदवही का ठेवू नये? शाळा सोडताना नाव, जन्मदाखल्याची प्रत, पत्ता, कुठल्या शहरात चाललाय. त्याला खर्च येत नाही. आमच्या कंपनीत सोडून गेलेल्या माणसांचीही नोंद असते. दहा वर्षांनी गरज पडली की फोन करता येतो. आणि ज्याला बोलवायचं त्याला स्पर्धेपुरता नाही, मोसमापुरता खेळाडूचा व्हिसा मिळावा, मालकाविना. इथल्या सरकारने गुंतवणूकदारांना दीर्घ मुदतीचा निवास दिलाच आहे, तसं थोड्या मुलांसाठी करणं अवघड नसावं.

यावर माझ्या ऑफिसमधली ओमानी सहकारी मला काय म्हणाली ते लिहिते, कारण तिचंही चुकीचं नाही. ती म्हणाली, "हा संघ ओमानचा कसा? यात ओमानी कुठे आहेत?" तिचा भाऊ फुटबॉलचा वेडा. ऑक्टोबरमध्ये कतारशी शून्य-शून्य झालं आणि मग यूएईकडून २-१ ने हरल्यावर फुटबॉलच्या विश्वचषकाचा रस्ता जवळजवळ बंद झाला, तेव्हा दोन दिवस त्याने जेवण टाकलं होतं म्हणे. त्या संघातला प्रत्येक जण इथल्या मातीतला, लोक रडतात त्यांच्यासाठी. क्रिकेट संघासाठी कोण रडतं? मी म्हटलं, आम्ही रडतो. ती हसली. पण तिचा मुद्दा राहतोच. ओमानी मुलांना क्रिकेट शिकवायचं काम वर्षानुवर्षं चाललंय, शाळांतून प्रयत्न होतात, तरी वरच्या संघापर्यंत फारच थोडे पोचतात. तिला मी एवढंच सांगितलं, की तुमचा पहिला ओमानी वेगवान गोलंदाज घडायचा असेल तर त्याला नेटमध्ये चेंडू टाकायला इथं वाढलेली, इथं टिकणारी मुलं लागतील. दर तीन वर्षांनी नवा चेहरा आणला तर ओमानी पोरगा शिकणार कुणाकडून? ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईचा संघ इथं येऊन ओमानशी सामने खेळून गेला होता. असे संघ दर वर्षी यावेत आणि ते सामने शाळेच्या मुलांना फुकट दाखवावेत. अमेरातचं मैदान डोंगरापलीकडे, वादी अदैवरून चढ चढून जावं लागतं, आणि गाडी नसलेल्या मुलाला बस मिळणं कठीण. दोन बस सोडल्या तरी पुरे.

आता आपल्या लोकांविषयी. मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवायला पाचशे माणसं असतात, अमेरातला ओमानचा सामना असला की त्यातली पाच दिसत नाहीत, भारत-पाकिस्तान असेल तेव्हा मात्र पासेससाठी मला फोन येतात. मराठी आडनाव दिसलं की फॉरवर्ड करायचं, आणि ते आडनाव यादीतून गेलं तर का गेलं हे विचारायचं नाही. प्रतीक आठवले संघात होता तेव्हा ग्रुपवर त्याचे फोटो फिरत होते. नंतरच्या यादीत तो नाही याची साधी नोंदही कुणी घेतली नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे, आणि इथं जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावांची यादी निदान आपण तरी सुरू करू, असंही सुचवणार आहे. ज्यांची मुलं मस्कत, सोहार किंवा सलालात जन्मली आणि आता भारतात, ऑस्ट्रेलियात, कुठेही खेळतायत, त्यांनी हे वाचून जन्मदाखला शोधून ठेवावा. आमच्याकडचा सापडला, लग्नाच्या अल्बममध्ये होता. वर अरबी, खाली इंग्रजी, आणि घडीच्या जागी थोडा फाटलाय. लॅमिनेट करायला टाकलाय.